पाच नंबरचे पाय

सातव्या महिन्यात पुण्याहून कोल्हापूर? तेही गाडीनं? सासूबाईंपासून ऑफिसातल्या मैत्रिणींपर्यंत सगळ्यांच्या भुवया वर गेल्या. पण डोहाळजेवण माहेरीच व्हायला हवं, हा माझा हट्ट. डॉक्टरांनी परवानगी दिली ती अटीवर: दर दीड तासानं गाडी थांबवायची, पाच-दहा मिनिटं चालायचं, पाणी भरपूर प्यायचं. 'हो हो' म्हणत मी मान डोलावली आणि नव्याकोऱ्या, निमुळत्या बेलीज पायात चढवून निघाले. फोटोत पायही येतात ना!

अंतर जेमतेम २३० किलोमीटर. खंबाटकीपर्यंत मजेत गेलो. मग रुंदीकरणाची कामं, डायव्हर्जन्स, ट्रकच्या रांगा. 'आता मध्ये थांबायला नको, सुसाट जाऊ,' नवरा म्हणाला. खरं तर मलाही हेच हवं होतं. पाणी प्यायलं की बाथरूम शोधा, आणि हायवेवरची बाथरूम्स म्हणजे... जाऊ दे! मी पाणी पिणंच बंद केलं. सातारा गेलं, कराडही गेलं.

किणीच्या टोलनाक्याशी खाली वाकून पाहिलं, तर ते पाय नव्हतेच. भट्टीतून नुकते काढलेले दोन पाव होते. घरी पोचल्यावर बेलीज निघेचनात. भावानं ओढून काढल्या. सगळे हसले, मीही हसले.

रात्री आई तेलाची वाटी घेऊन बसली आणि एकदम थांबली. 'अगं, डावा पाय जास्त सुजलाय. गरमही लागतोय.' पोटरी दाबली तर दुखली. हसणं तिथंच संपलं. तेलाची वाटी तशीच ठेवून रात्री दहाला आम्ही हॉस्पिटलात.

तिथल्या डॉक्टरबाईंनी टेपनं दोन्ही पोटऱ्या मोजल्या. डावी अडीच सेंटिमीटरनं जास्त. दिवस गेले की अंगातलं रक्त वाढतं, गर्भाशयाचा भार ओटीपोटातल्या शिरांवर पडतो आणि पायातलं रक्त वर चढायला वेळ लागतो. दोन्ही पाय सारखे सुजणं त्यामुळे नेहमीचंच. पण एकच पाय सुजून दुखायला लागला, लाल किंवा गरम झाला, तर शिरेत गुठळी झाल्याची शंका घ्यायची. तसा पाय चोळायचा नाही, सरळ डॉक्टर गाठायचा. गरोदरपणात रक्त लवकर गोठतं, त्यात तासन् तास बसून प्रवास. आणि गुठळी बहुतेकदा डाव्याच पायात होते, कारण त्या बाजूच्या शिरेवर उजव्या पायाची धमनी आडवी जाते. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर... त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मीही विचारलं नाही.

डॉपलर झाली. त्या वीस मिनिटांत नवरा माझ्याशी एक शब्द बोलला नाही, नुसता हात धरून उभा होता. रिपोर्ट नॉर्मल आला. हुश्श! निघताना बाईंनी आणखी एक बजावलं: चेहरा किंवा हात अचानक सुजले, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर बीपी तपासायला ताबडतोब यायचं.

दुसऱ्या दिवशी हिरवी साडी, फुलांचे दागिने, आणि पाय स्टुलावर! फोटोत पाय आले ते भावाच्या रबरी स्लिपरमध्ये.

संध्याकाळी अंबाबाईच्या दर्शनानंतर चप्पल लाईनला गेले. तिथला तो कातड्याचा वास म्हणजे माझं बालपण! बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं, हातानं घातलेली शिवण. २०१९ मध्ये जीआय मानांकन मिळालं, २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडानं तशाच सँडल्स दाखवल्यावर वादही झाला. पण लाईनमध्ये शिरलं की आधी वासच येतो, बातमी नंतर आठवते. म्हटलं, पाच नंबर दाखवा.

दुकानातल्या काकांनी आधी माझ्या पायांकडे बघितलं, मग पोटाकडे. 'ताई, आत्ता नगा घेऊ. नवी चप्पल चावत्या. त्यात मागं पट्टा न्हाई, पाय सटकला तर? बाळ हुंदे, मग या निवांत.' आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार मी पुण्यात तरी पाहिलेला नाही! पुढच्या चौकातून मऊ तळव्याच्या, मागे पट्टा असलेल्या सँडल्स घेतल्या, सहा नंबरच्या. संध्याकाळी पाय सगळ्यात जास्त सुजलेले असतात, त्यामुळे माप तेव्हाच द्यावं, हेही काकांनीच सांगितलं होतं.

परतताना कराड, सातारा, खेड शिवापूर, सगळीकडे थांबलो. डॉक्टरांनी मापानं दिलेले कॉम्प्रेशन मोजे सकाळी अंथरुणातच चढवले होते. गाडीतही टाचा वर-खाली, पावलं गोल-गोल. पोटरीचा स्नायू हलला की रक्त वर ढकललं जातं. पुण्यात पोचायला सहा तास लागले. बाथरूम्सबद्दलचं माझं मत मात्र कायम आहे.

लेक आता आठ महिन्यांची आहे. सूज केव्हाच उतरली, पण त्या बेलीज काही पायात जात नाहीत. डॉक्टर म्हणाल्या, गरोदरपणात सांध्यांचे बंध सैलावतात, पावलाची कमान थोडी बसते, आणि काहीजणींचे पाय मग कायमचे मोठे राहतात. बेलीज धाकट्या नणंदेला दिल्या. मागच्या महिन्यात लेकीला कडेवर घेऊन चप्पल लाईनला गेले. काकांनी न विचारता सहा नंबर काढला.