भूक आणि हाव

ताई लहानपणापासून स्थूल. पंगतीत तिने आणखी एक पोळी मागितली, की आजी म्हणायची, "ही भूक नव्हे, हाव आहे." मी तिच्याहून चार वर्षांनी लहान, पण किडकिडीत, एवढ्याच पुण्याईवर लाडवांच्या फडताळाची किल्ली माझ्याकडे असे. ती किल्ली मी फार ऐटीत मिरवली.

पुढे साहित्याचा अध्यापक झालो. पात्राच्या कृतीमागे त्याचा स्वभाव शोधायचा, हे वर्षानुवर्षे शिकवत आलो. कथेतला लठ्ठ माणूस बहुधा विनोदी किंवा लोभी असतो, याचे मला कधी नवल वाटले नाही. ते वाटायला लावले एका उंदराने.

अमेरिकेतील मेन राज्यात, बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत १९४९ साली काही उंदीर अतोनात लठ्ठ होताना दिसले. त्यांना अखंड भूक असे. दोष अप्रभावी जनुकाचा होता. लठ्ठ उंदरांना सहसा पिल्ले होत नसत, म्हणून दिसायला सडसडीत, पण तो दोष एकेरी बाळगणाऱ्या नर-मादीची जोडी लावावी लागे. त्यांच्या पिल्लांत साधारण चारांतले एक लठ्ठ निघे. आईबापांकडे पाहून काहीच कळत नसे.

डग्लस कोलमन यांनी अशा लठ्ठ उंदराचे रक्ताभिसरण निरोगी उंदराशी जोडले, तेव्हा त्याचे खाणे कमी झाले. दुसऱ्या एका मधुमेही, स्थूल वाणाशी जोडले, तेव्हा तर त्याने अन्नच सोडले आणि तो उपासमारीने मेला. कोलमन यांनी अनुमान काढले : तृप्तीचा निरोप रक्तातून जातो, एका वाणात तो निर्माणच होत नाही, दुसऱ्यात तो ऐकला जात नाही. पुढे जेफ्री फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या वाणांचे संकर करून, पिढीमागून पिढी तपासत, सहाव्या गुणसूत्रावरील ते जनुक १९९४ साली हुडकले. त्यातून घडणारे संप्रेरक मेदपेशींत तयार होते. 'सडपातळ' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव लेप्टिन ठेवले गेले. १९९७ साली इंग्लंडमधील दोन अतिस्थूल चुलत भावंडांत हेच संप्रेरक जवळजवळ नसल्याचे आढळले. अशा मुलांना पुढे ते टोचून दिल्यावर त्यांची भूक आवरली.

हे वाचून मी हरखलो आणि लगेच सावधही झालो. असे रुग्ण अत्यंत विरळा. बहुतेक स्थूल माणसांच्या रक्तात लेप्टिन भरपूर असते, शरीर त्याला पुरेशी दाद देत नाही. शिवाय अनेक जनुकांचे लहान लहान वाटे असतात, आणि परिस्थितीचाही वाटा असतोच. तेव्हा आजीच्या 'हाव' या सोप्या कथेच्या जागी 'जनुक' ही दुसरी सोपी कथा बसवून चालणार नाही. ताईच्या बाबतीत काय होते, ते मला ठाऊक नाही.

तरीही गेल्या दिवाळीत मी तिला ही हकीकत सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे त्या उंदराला खरंच भूक लागत होती."

"हो."

"मलाही लागायची रे."

फडताळ केव्हाच मोडीत गेले. किल्ली मात्र मला अजून परत करता आलेली नाही.