चला, फोटो काढायला मंडईत!

मैत्रिणींनो, एक काम करा. दुपारची भांडी आवरली, जरा पाठ टेकली की घरातला आल्बम काढून मांडीवर घ्या. आल्बम नसेल तर मोबाईलमधले फोटो उघडा. आणि त्यात तुम्ही स्वतः किती ठिकाणी आहात ते मोजा. लग्नातले फोटो सोडून, बरं का! मुलांचे वाढदिवस असतील, दिरांच्या मुंजी असतील, महाबळेश्वरचा पॉइंट असेल. तुम्ही असाल त्या कोपऱ्यात, हातात केकची सुरी नाहीतर कुणाची तरी पिशवी. आता दुसरा प्रश्न. यातले तुम्ही काढलेले किती?

हल्ली मोबाईल प्रत्येकीच्या हातात आहे, त्यामुळे फोटो आपण सगळ्याच काढतो. शाळेच्या फळ्यावरची सूचना, विजेचं बिल, दारातली रांगोळी, जमून आलेली पुरणपोळी. पण केवळ फोटो काढायचे म्हणून घराबाहेर पडणं, तेही चार बायकांनी मिळून, ही वेगळी गोष्ट आहे. गेलं वर्षभर आम्ही पुण्यात ती करतो आहोत. महिन्यातला एक रविवार, सकाळी साडेसहा ते साडेनऊ. आमच्यात एक बँकेतून निवृत्त झालेल्या काकू आहेत, दोन कॉलेजच्या मुली आहेत, बाकी आम्ही सगळ्या डबेवाल्या, म्हणजे सकाळी डबे भरणाऱ्या! शिकवायला एक गृहस्थ येतात. पूर्वी त्यांचा स्टुडिओ होता, लग्नं आणि पासपोर्ट फोटो करण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांना आम्ही सर म्हणतो. बाराहून जास्त बायका घ्यायच्या नाहीत हा त्यांचा दंडक. जास्त झाल्या की फोटोसफर राहत नाही, वरात होते, असं त्यांचं म्हणणं.

पुण्याच्या पेठांत नवशिक्यांनी कुठून सुरुवात करावी असं कुणी विचारलं, तर मी डोळे मिटून महात्मा फुले मंडई सांगेन. आता भुयारी मेट्रोचं स्टेशनच मंडईला झालं आहे (2024 च्या सप्टेंबरपासून), तेव्हा लांब राहणाऱ्यांचीही सोय आहे. मंडईची ही दगडी इमारत 1886 ची. मधोमध अष्टकोनी मनोरा आणि त्याच्यापासून चहूबाजूंना फुटलेल्या पाकळ्या. पूर्वी बाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात भरे, तो इथं आणला. तेव्हा तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव होतं. गंमत अशी की जोतिराव फुले नगरपालिकेचे सभासद होते तेव्हा त्यांनी या खर्चाला विरोध केला होता. हा पैसा शिक्षणाला लावा असं त्यांचं मत. आणि पुढं नाव लागलं ते त्यांचंच!

पण फोटोच्या दृष्टीनं मंडईचं महत्त्व तिच्या छपरात आहे. उजेड वरून आणि बाजूनं येतो, सगळीकडे सारखा नाही. एका गाळ्यावर उन्हाचा पट्टा, शेजारच्या गाळ्यावर सावली. वांगी सावलीत ठेवली तर काळी ढब्ब दिसतात, तीच पट्ट्यात आली की जांभळी चमकतात. आपण भाजी रोज बघतो, पण घ्यायची म्हणून बघतो. किडकी कुठली, जून कुठली. नुसती बघायची म्हणून बघितलेली नसते. पहिल्या रविवारी आमच्यातली एकजण म्हणाली, “बावीस वर्षांत मंडईत येऊन मी पहिल्यांदाच काही न घेता उभी आहे.” आणि मग तिनं पाव किलो आवळे घेतलेच. सवय कुठं जाते!

सरांनी पहिल्या दिवशी काही मोठं शिकवलं नाही. मोबाईल हातात घेतला आणि लेन्सवरून बोट फिरवून आम्हाला दाखवलं. तेलकट! स्वयंपाकघरात फोडणी टाकता टाकता आपण फोन घेतो, लेन्सवर तो थर बसतो, आणि मग “माझ्या फोनचा कॅमेराच वाईट” म्हणून आपण रडतो. मऊ सुती कपड्यानं आधी ती पुसा. अर्ध्या तक्रारी तिथंच संपतात. मग दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकवायची आणि सुईत दोरा ओवताना श्वास रोखतो तसा क्षणभर रोखायचा. लांबचं दिसावं म्हणून पडद्यावर बोटांनी ओढून मोठं करू नका. चित्र फाटतं. चार पावलं पुढं जा. चेहरा काळा येत असेल तर पडद्यावर चेहऱ्यावर बोट ठेवा, मोबाईल उजेडाचं माप तिथलं घेतो. सेटिंगमध्ये आडव्या-उभ्या चार रेघांची जाळी असते, ती चालू करून ठेवली की मनोरा कललेला येत नाही. एवढ्यावर पहिले तीन महिने आरामात जातात.

आणि एक अट, जी मला सगळ्यात आवडली. एका सकाळी छत्तीसच फोटो! माझ्या लहानपणी वडिलांच्या कॅमेऱ्यात छत्तीसचा रोल असे आणि तो गणपतीपासून मे महिन्यापर्यंत पुरवायचा असे. तुमच्याकडेही असंच असेल. मोबाईलला मोजमाप नाही म्हणून आपण चाळीस वेळा दाबतो आणि एकही धड नसतो. छत्तीसच म्हटलं की हात आपोआप थांबतो, डोळे आधी चालतात. त्या छत्तिसांतले पाच निवडून बुधवारी दुपारी एकीच्या घरी जमायचं आणि ते मोठ्या पडद्यावर बघायचे. पाच निवडणं हे काढण्यापेक्षा अवघड, हे तुम्हीच करून बघा.

मंडईतून तुळशीबागेत. दुकानं उघडायच्या आधीची तुळशीबाग तुम्ही पाहिली आहे का? फळ्या बंद, गर्दी नाही, आणि मग कळतं की या बांगड्या-भातुकलीच्या बाजाराच्या पोटात एक देऊळ आहे. पेशवाईतल्या नारो आप्पाजी तुळशीबागवाल्यांनी बांधलेलं रामाचं. त्याचं उंच शिखर इतर वेळी मान वर करून बघायला कुणाला फुरसत असते! तिथून विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला, सुरूच्या झाडासारखे कोरलेले लाकडी खांब असलेला. त्याच्यासमोर वाहनं इतकी की रविवारी सकाळीच काय तो धड फोटो मिळतो.

शनिवारवाड्यापाशी मात्र आमच्यातल्या पुष्कळजणी निराश होतात. दिल्ली दरवाजा हा नावाप्रमाणे उत्तरेला तोंड करून आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून फिरतो, त्यामुळे दरवाजाच्या तोंडावर दिवसभर ऊन येतच नाही. मागे आभाळ पांढरं फटक आणि दरवाजा काळा. मे-जूनमध्ये सकाळी लवकर थोडी तिरकी किरणं मिळतात. नाहीतर सरळ जवळ जा आणि दाराचे खिळे टिपा, हत्तींनी धडक देऊ नये म्हणून बसवलेले ते अणकुचीदार खिळे. सावलीतला सारखा उजेड लोखंडाला छान मानवतो. एखादी जागा कितीही प्रसिद्ध असो, तिचं तोंड कुठल्या दिशेला आहे हे आधी बघावं. जागा घेताना नाही का आपण बघत! आत जायला तिकीट आहे, आणि मोबाईलवर फोटो काढले तर कुणी हरकत घेत नाही. तिपाई लावायची असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते.

मग कसब्यात शिरायचं, तांबट आळीत. ही आळी दिसण्याआधी ऐकू येते, ठक ठक ठक. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीचे ठोके देऊन भांडं मठारतात तो हा आवाज. पूर्वी बंब, घंगाळं आणि हंडे, आता पाण्याच्या बाटल्या आणि दिवे. दुकानाचं तोंड रस्त्याकडे, आत अंधार, त्यामुळे कारागिराच्या एका गालावर उजेड आणि दुसरा गाल अंधारात. एवढा सुरेख उजेड स्टुडिओत पैसे देऊन मिळत नाही, हे सरांचं मत. फ्लॅश तेवढा बंद ठेवा. तांब्यावर तो आदळून नुसता पांढरा ठिपका उरतो.

आता जे मला खरं सांगायचं आहे त्याकडे येते. तिसऱ्या-चौथ्या रविवारी मंडईत एका पालेभाजीवाल्या मावशींसमोर आमच्यातल्या दोघी मोबाईल रोखून उभ्या होत्या. मावशींनी पदर तोंडावर घेतला आणि म्हणाल्या, “सकाळपासून चारजणी आल्या, फोटू काढून गेल्या. मेथी कुणीबी घेतली नाही.” सगळ्याजणी गप्प झाल्या. खरं सांगा, आपल्या ओट्यापाशी न विचारता कुणी कॅमेरा घेऊन आलं असतं, आपण घामानं निथळत पोळ्या लाटत असताना, तर आपल्याला चाललं असतं का?

मी मेथीच्या दोन जुड्या घेतल्या आणि मग विचारलं, “मावशी, काढू का?” त्या हसल्या, म्हणाल्या, थांबा. हात पुसले, पदर डोक्यावरून नीट घेतला, मंगळसूत्र वर काढलं, भाजीची पाटी बाजूला सरकवली आणि ताठ बसल्या, अगदी स्टुडिओत बसतात तशा. आमच्या गटातल्या कॉलेजच्या मुलीला हे पटलं नाही. “नैसर्गिक नको का यायला? भाजीसकट हव्या होत्या.” तिचं म्हणणं कलेच्या दृष्टीनं बरोबर असेलही. पण मावशींना स्वतःचा फोटो हवा होता, भाजीवालीचा नको होता. तेव्हा तो मी त्यांच्या मनासारखाच काढला.

यावरून आमच्यात बुधवारी चांगलीच वादावादी झाली. सरांच्या पिढीला सुरकुतलेला म्हातारा, फाटका सदरा, डोळ्यात पाणी, असं काही दिसलं की फोटो झाला असं वाटतं. मला हे मुळीच पटत नाही. प्रदर्शनांत असे म्हातारे भिंतीभर टांगलेले असतात आणि एकाचंही नाव खाली नसतं. शेवटी ठरलं ते असं: आधी बोलायचं, मग विचारायचं, नाही म्हटलं तर हसून पुढं जायचं. लहान मुलांचा फोटो आईबापांना विचारल्याशिवाय नाही. आणि ज्यांचा काढू त्यांना कागदावर छापून नेऊन द्यायचा. छपाईला एका फोटोमागे चहाच्या कपाएवढेच पैसे जातात. मावशींना पुढच्या महिन्यात फोटो दिला तेव्हा त्यांनी तो आधी आडवा, मग उभा धरून पाहिला, शेजारणीला दाखवला, आणि पिशवीत पैशांच्या कप्प्यात ठेवला. म्हणाल्या, “सुनेला म्हणीन, भिंतीवर लाव.” त्यांच्याही घरात त्यांचा एकटीचा फोटो नव्हता.

फोटो काढत बायकांनी भटकणं हे काही नव्या जमान्याचं खूळ नाही, बरं का. होमाई व्यारावाला हे नाव ऐकलं असेल. जन्म 1913 चा, नवसारीचा, शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत. आपल्या देशातल्या पहिल्या स्त्री वृत्तपत्र-छायाचित्रकार. त्यांचे सुरुवातीचे जे फोटो ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये आले ते कशाचे होते ठाऊक आहे? बायकांच्या क्लबच्या सहलीचे! एका फोटोला 1 रुपया मिळाला. सुरुवातीला त्यांचे फोटो छापले जात ते नवऱ्याच्या, माणेकशांच्या, नावानं. पुढं दिल्लीत साडी नेसून, सायकलवरून कॅमेरा घेऊन त्या हिंडल्या, स्वातंत्र्याच्या वेळचे कितीतरी क्षण त्यांनी टिपले. 2011 साली त्यांना पद्मविभूषण मिळालं, तेव्हा त्या सत्त्याण्णव वर्षांच्या होत्या.

घरचं काय, असं तुमच्या मनात येईलच. आलं नाही तर नवल! आमच्यातल्या एकीच्या सासूबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या, “देवळात जा, भिशीला जा. हे फोटो काढून मिळतं काय?” तिनं वाद घातला नाही. कसब्यातल्या एका जुन्या वाड्याच्या दिंडी दरवाजाचा फोटो तिनं काढला होता, लोखंडी कडी आणि उंबऱ्यावर झिजलेली लाकडी फळी. तो घरी दाखवला तर सासूबाई चष्मा लावून बघतच राहिल्या. त्याच वाड्यात त्यांची मावशी भाड्यानं राहत असे, लहानपणी सुट्टीत त्या तिथं जात. पुढच्या खेपेला आम्ही त्या बोळातून गेलो तर वाडा पाडायला घेतला होता. पत्रे लावलेले, आत मातीचा ढीग, आणि दरवाजा कुठं गेला ते कुणाला माहीत नाही. आता सासूबाईच विचारतात, या रविवारी कुठली पेठ?

पुण्याबाहेरच्या मैत्रिणींनी हिरमुसून जायचं कारण नाही. सांगलीत हळदीच्या बाजाराचा मोसम असतो तेव्हा सगळी हवाच पिवळी होते, वाईला कृष्णेचे घाट आहेत, नाशिकला गोदाकाठ आहे, आणि आठवड्याचा बाजार तर कुठल्या गावाला नाही! चौघीजणी जमल्या तरी पुरे. एकटीनं कॅमेरा रोखून बाजारात उभं राहायला संकोच वाटतो, चौघी असल्या की तो वाटत नाही. सकाळ निवडा, अकराच्या पुढचं ऊन डोक्यावरून पडतं आणि डोळ्यांखाली काळ्या खळ्या आणतं. पायात सपाट चपला, खांद्याला लांब पट्ट्याची पिशवी म्हणजे हात मोकळे राहतात, पाण्याची बाटली आणि घरून निघण्यापूर्वी फोन पुरा चार्ज. रविवारचा नाश्ता आदल्या रात्री घरच्यांना सांगून ठेवा. पोहे भिजवता येत नाहीत असं कुणी म्हणालं तर तुम्ही ऐकू नका.

पुढच्या महिन्यात आम्ही जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वराला जाणार आहोत. एकाच काळ्या खडकातून कोरलेली आठव्या शतकातली लेणी, आत अंधार आणि बाहेर नंदीचा गोल मंडप उन्हात. आतून बाहेरचा फोटो काढायचा म्हणजे एकतर नंदी पांढरा होणार नाहीतर खांब काळे होणार. सरांनी सांगून ठेवलं आहे, की यावेळी छत्तीस नाहीत, बाराच.