चार दिवसांत टीबी होत नाही

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदी आमच्या कुर्ल्याच्या वस्तीत शिरली. त्या रात्री म्हातारीकोतारी, पोरेबाळे छातीएवढ्या पाण्यातून बाहेर काढण्यात माझे थोरले मावसभाऊ सर्वांत पुढे होते. आम्ही त्यांना दादा म्हणतो. पायाला पत्रा लागला, तर हळद भरून फडके बांधले आणि पुन्हा पाण्यात उतरले.

मी तेव्हा नुकताच कारकुनीला लागलो होतो आणि वस्तीच्या मंडळाचे कामही बघत होतो. ५ ऑगस्टला दादांना ताप भरला. घरोघरी कोणी ना कोणी तापलेलेच होते. ८ तारखेच्या सकाळी मात्र खोकल्याबरोबर रक्त पडले आणि मी कार्यकर्त्याच्या तोऱ्यात निदान करून मोकळा झालो : टीबी! वहिनींना त्यांचा कप, ताट वेगळे ठेवायला सांगितले, पोरांना आजीकडे धाडले. दुसऱ्या दिवशी रजा टाकून दादांना टीबीच्या दवाखान्यात नेले. तिथे बेडका तपासायला घेतला आणि घरी पाठवले. दोन दिवस माझ्यामुळे गेले, हे इथे कबूल केलेच पाहिजे.

लेप्टोची भीती त्या महिन्यात मुंबईभर होती. पण लेप्टो म्हणजे कावीळ, हे डोक्यात पक्के बसलेले. दादांचे डोळे पिवळे नव्हते, लालबुंद होते. डोळे आले असतील, असे आम्ही म्हटले. पण आलेल्या डोळ्यांसारखी चिपडे धरत नव्हती, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

१० तारखेला धाप लागली तेव्हा मोठ्या रुग्णालयात नेले. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी आधी दोनच गोष्टी विचारल्या : पाण्यात कधी उतरलात आणि ताप कधी आला? मी तारखा सांगितल्या. "म्हणजे दहा दिवस," असे म्हणत त्यांनी दादांची पोटरी दाबली. दादा ओरडलेच. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसांवर डाग होते. मी टीबीचे सांगताच बाई म्हणाल्या, "अहो, चार दिवसांत टीबी असा पसरत नाही. हे फुप्फुसात रक्त उतरले आहे."

मी बी.कॉम. झालेला माणूस, दिवसभर लोकांच्या कागदांवरच्या तारखा जुळवतो. घरच्या माणसाची एवढी वजाबाकी मला सुचली नाही!

उंदरांच्या मुतातले जंतू पुराच्या पाण्यातून जखमेवाटे अंगात शिरतात, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण हा आजार कावीळ न होताही फुप्फुसावर जाऊ शकतो, आणि तसा गेला तर माणूस एक-दोन दिवसांत हातचा जातो, हे मला त्या वॉर्डात कळले. दादांचे प्लेटलेट उतरले होते, क्रिएटिनिन चढले होते. लघवी तर चांगली होत होती, म्हणून आम्ही मूत्रपिंडाबाबत निर्धास्त! लेप्टोत लघवी होत असतानाही मूत्रपिंड बिघडलेले असू शकते, असे बाईंनी समजावले.

त्यांनी रिपोर्टची वाट पाहिली नाही. लगेच पेनिसिलिनची इंजेक्शने आणि ऑक्सिजन सुरू केला. लेप्टोचा रिपोर्ट तर "नाही" असाच आला! मी चक्रावलो. पण ही तपासणी रक्तातल्या प्रतिकारद्रव्यांची असते आणि ती तयार व्हायला पाच-सात दिवस जातात. आठवड्याने पुन्हा रक्त घेतले, तेव्हा "आहे" आले. तोवर दादा उठून बसू लागले होते.

त्याच वॉर्डात शेजारच्या खाटेवर एक पोरगा होता. त्याचे नुसते डोके दुखायचे आणि मान ताठरलेली. त्यालाही लेप्टोच निघाला, मेंदूच्या आवरणावर गेलेला.

आता पावसाळ्यात पाणी भरले, की वस्तीतली माणसे माझ्याकडे चिठ्ठीसाठी येतात. पाण्यातून चालून आलेल्यांना मी पहिल्या तीन दिवसांत महापालिकेच्या दवाखान्यात धाडतो. तिथे मोठ्यांना डॉक्सीसायक्लिन मिळते. लहान मुलांना आणि गरोदर बायांना ती गोळी चालत नाही, त्यांचे औषध डॉक्टर ठरवतात. मी चिठ्ठीवर पाण्यात उतरल्याची तारीख, जखम आणि ताप आला असल्यास त्याची तारीख, एवढेच लिहितो.

दादांचा तो वेगळा ठेवलेला कप वहिनींनी टाकून दिला नाही. मी गेलो की मुद्दाम त्यातच चहा देतात.