रॅमभरोसे

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मराठीत लिहायचं म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. तरी लिहितेय, कारण या प्रकरणात आमच्या रूममधल्या चौघींचे पैसे अडकले होते, आणि पैशांचा विषय मातृभाषेतच बरा!

तर आमच्या रूममध्ये एक असेंबल्ड पीसी आहे. बी४५० बोर्ड, रायझन ५६००जी प्रोसेसर, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. अशा प्रोसेसरचं ग्राफिक्सचं कामही मुख्य मेमरीतूनच चालतं, म्हणजे रॅम हळू तर सगळंच हळू. मिनी प्रोजेक्टचं मॉडेल जरा फिरवलं की स्क्रीनला उचकी लागायची. शेवटी चौघींनी वर्गणी काढली. यवतमाळच्या आमच्या रूमीने तर शाळेतल्या पोरांच्या ट्यूशन्स घेऊन जमवलेले पैसे टाकले. सीपीयूचा डबा ऑटोत घालून बर्डीला गेलो, आठ-आठ जीबीच्या ३२०० स्पीडच्या दोन स्टिक्स घेतल्या. दुकानातल्या मुलाने जुनी काढून या दोन्ही बसवूनही दिल्या.

रूमवर येऊन टास्क मॅनेजर उघडला. स्पीड : २१३३.

"आपल्याले फसवलं ना बे त्यानं!" इति यवतमाळ.

दुकानात फोन लावायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी इंग्लिश झाडलं की समोरचा दबतो अशी रूमची श्रद्धा आहे. तो अजिबात दबला नाही. "ताई, चालू तर आहे ना?" म्हणाला आणि फोन ठेवला.

गंमत म्हणजे त्याने माल खोटा दिला नव्हता. प्रत्येक स्टिकवर एक छोटीशी चिप असते. तिच्यात त्या स्टिकची कुंडली लिहिलेली असते. पहिल्या पानावर जेडेक या संस्थेने ठरवून दिलेले साधे, सुरक्षित स्पीड, १.२ व्होल्टवर चालणारे. पुढच्या पानावर कंपनीने स्वतः तपासलेला जास्तीचा स्पीड. पीसी सुरू होताना बोर्ड बिचारा पहिलंच पान वाचतो. प्रोसेसरला आणि शेजाऱ्याला वरचा स्पीड झेपेल की नाही, त्याला काय माहीत? दुसरं पान वाचायला आपणच बायोसमध्ये जाऊन सांगायचं. त्या पानाचं नाव एक्सएमपी. इंटेलने ते २००७ मध्ये डीडीआर३ च्या काळात आणलं. एएमडीचं स्वतःचं एक्स्पो २०२२ मध्ये आलं, पण ते डीडीआर५ साठी. आमच्या डीडीआर४ ला इंटेलचंच पान, एएमडीच्या घरात!

इथे भांडण झालं. कारण ते पान उघडलं की रॅमला १.३५ व्होल्ट मिळणार. नागपूरचा मे महिना, बाहेर पारा पंचेचाळीसला, कूलर सुरू असून रूम भट्टी. "जळलं-बिळलं तं? माह्या चार महिन्याच्या ट्यूशन्स आहेत त्याच्यात!" मी म्हटलं, अगं, कंपनीनेच हा व्होल्टेज लिहिलाय. ती म्हणाली, कंपनीनेच ३२०० पण लिहिलं होतं. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मतदान झालं, तीन विरुद्ध एक. मी सेव्ह केलं.

स्क्रीन काळी. पंखा फिरतोय, थांबतोय, परत फिरतोय. एकदा, दोनदा, तीनदा... आणि मग पीसी मुकाट्याने २१३३ वर परत आला. स्पीड झेपला नाही तर बोर्ड स्वतःच मागे येतो, काही जळत नाही. पण यवतमाळ एकदम गप्प झाली होती, आणि तिचं गप्प बसणं हे ओरडण्यापेक्षा वाईट असतं.

रात्री जेवून आलो तर ती बोर्डाचं मॅन्युअल घेऊन बसलेली. एका चित्रावर बोट ठेवून म्हणाली, "हे पाय." दोन स्टिक असतील तर दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा, असं स्वच्छ छापलेलं. आमच्या होत्या पहिल्या आणि दुसऱ्यात, शेजारी-शेजारी. शेजारचे दोन स्लॉट म्हणजे एकच चॅनल. दोघी एकाच रस्त्यावर आणि दुसरा रस्ता रिकामा! वर एकाच चॅनलवर दोन स्टिक्स असल्या की वरचा स्पीड गाठणंही अवघड जातं.

वायर काढली, डब्याच्या लोखंडाला हात लावून अंगातली स्टॅटिक घालवली, आणि स्टिक्स तिनेच हलवल्या. खट्ट आवाज येईपर्यंत दाबायच्या. परत एक्सएमपी, परत सेव्ह. या वेळी स्क्रीन आली. ३२००!

मग तिने सीपीयू-झेड उघडलं, तिथे १६००, आणि परत बोंब. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. डीडीआरमध्ये घड्याळाच्या एका ठोक्याला दोनदा डेटा जातो, म्हणून १६०० दुणे ३२००. आधी एका चॅनलवर २१३३ ने सेकंदाला जास्तीत जास्त १७ जीबी जात होते, आता दोन चॅनलवर ३२०० ने ५१. बरोब्बर तिप्पट, आणि वर एक रुपया नाही. रात्रभर मेमटेस्ट लावून ठेवला, सकाळी एरर शून्य. मॉडेल आता लोण्यासारखं फिरतं.

तेव्हापासून विंगमधल्या मुली तिलाच शोधत येतात, मला कोणी विचारत नाही. एक सूचना तिच्याच वतीने : लॅपटॉपवाल्यांनी कृपया दार वाजवू नये. बहुतेक लॅपटॉपच्या बायोसमध्ये हा पर्याय दिलेलाच नसतो. डबेवाल्यांनी मात्र मॅन्युअल घेऊन यावं, आणि येताना मेसमधून चहा.