तबकडीवरचे नाव

वडिलांच्या मृत्यूनंतर त्यांच्या कपाटातून निघालेल्या मोजक्या वस्तूंत एक चौकोनी मनगटी घड्याळ होते. नेमके सांगायचे तर आयताकृती. उभे, सडपातळ, नऊ कॅरट सोन्याच्या पेटीतले. तबकडीवर लंडनच्या एका जवाहिऱ्याचे नाव. वडील साठच्या दशकात चार वर्षे लंडनला ड्राफ्ट्समन होते. परतण्यापूर्वी एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून त्यांनी ते घेतले. ‘हे त्या जवाहिऱ्याने स्वतः घडवलेले आहे’ असे मी शाळेत अभिमानाने सांगत असे.

काटे वर्तुळात फिरणार आणि चौकट आयताची. त्यामुळे बारा आणि सहाचे आकडे काट्यांपासून दूर राहतात, तीन आणि नऊ मात्र अगदी जवळ येतात. ही तडजोड वडिलांना फार आवडे. अशा चौकोनी पेटीत पाणी शिरू न देणे गोल पेटीपेक्षा कठीण. म्हणून मुंबईचा पावसाळाभर ते घड्याळ कपाटात असे.

गेल्या वर्षी ते दादरच्या एका वृद्ध घड्याळजींकडे नेले. डोळ्याला भिंग लावून त्यांनी मागचे झाकण उघडले. आत पेटीच्या आकाराला बेतलेले लांबट स्विस यंत्र, त्यावर पंधरा ‘ज्वेल’ असल्याची नोंद, आणि झाकणाच्या आतल्या बाजूस बारीक शिक्के. आयात केलेल्या सोन्याचांदीच्या घड्याळपेट्यांवर ब्रिटिश परख कार्यालयाचा शिक्का १९०७ पासून सक्तीचा झाला. त्या शिक्क्यांतील अक्षरावरून साल निघाले : १९३४. सोन्याचा कस कळला, वर्ष कळले. यंत्र घडवणाऱ्याचे नाव मात्र कुठेच नव्हते.

वाचल्यावर कळले की तेव्हाची रीतच ती होती. ब्रिटिश जवाहिरे तबकडीवर स्वतःचेच नाव मागत. हान्स विल्सडॉर्फ यांनी १९०५ साली आल्फ्रेड डेव्हिस यांच्यासह लंडनमध्ये व्यवसाय सुरू केला, तेव्हा त्यांची ‘डब्ल्यू अँड डी’ ही अक्षरे झाकणाच्या आत असत. १९०८ साली ‘रोलेक्स’ हे नाव नोंदवल्यावरही ते दुकानदारांच्या गळी उतरवायला त्यांना बरीच वर्षे लागली. आधी सहा घड्याळांमागे एकावर, मग दोनांवर, मग तिनांवर. लुई कार्तिए यांनी १९१७ साली रेखलेल्या प्रसिद्ध ‘टँक’ घड्याळाच्या तबकडीवर नाव कार्तिए यांचे, पण आतली यंत्रे स्वित्झर्लंडमधल्या लकूल्त्र यांच्या कारखान्यातून येत.

‘नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा’ ही म्हण मला प्रथम आठवली. जवाहिऱ्याच्या नावाखालची ती पंधरा रत्नेही प्रयोगशाळेच्या पद्धतीने बनवलेली कृत्रिम माणके! पण ती म्हण इथे लागू पडत नाही. ही माणके नैसर्गिक माणकाइतकीच कठीण असतात. नव्वद वर्षे चाकांचे आस त्यांत फिरूनही ती झिजलेली नव्हती. खोटे काहीच नव्हते. फक्त ज्याचे काम होते त्याचे नाव नव्हते.

आणि मग एक जुनी गोष्ट आठवून मी ओशाळलो. मुंबईला परतल्यावर वडिलांनी तीस वर्षे एका वास्तुविशारदाच्या कार्यालयात नकाशे काढले. नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत साहेबांचे नाव असे. त्याखाली ‘रेखाटन’ असे लिहिलेल्या इवल्याशा घरात वडिलांची आद्याक्षरे. रस्त्याने जाताना ते एखाद्या इमारतीकडे बोट दाखवून म्हणत, ‘हिचा जिना माझा.’ तेरा-चौदा वर्षांचा असताना मी एकदा म्हणालो, ‘पण फलकावर तर साहेबांचं नाव आहे.’ ते काही बोलले नाहीत. त्यानंतर त्यांनी मला कुठलीही इमारत दाखवली नाही.

घड्याळ आता चालते. दिवसाला तीनचार मिनिटे मागे पडते. तबकडीवरचे नाव अर्धे पुसट झाले आहे. ते नव्याने रंगवून घेऊ का, असे घड्याळजींनी विचारले. मी नको म्हणालो. मग त्यांनी झाकणाची आतली बाजू दाखवली. तिथे सुईने कोरलेले आकडे आणि खुणा होत्या. आजवर ज्यांनी ज्यांनी हे घड्याळ दुरुस्त केले त्यांच्या. त्यांच्याखाली घड्याळजींनी आपली खूण आणि तारीख कोरली.

‘हे कशासाठी?’ मी विचारले.

‘पुढे जो उघडेल त्याला कळावं,’ ते म्हणाले, ‘आधी कुणाचा हात लागलाय ते.’