हातभर अंतर

उसळलेला रोगी धरावा कसा, हे परिचरांच्या पिढ्यांनी एकमेकांना हातोहात दिलेले आहे. परंतु तो उसळण्यापूर्वी त्याच्यापासून किती अंतरावर उभे राहावे, हा प्रश्न मात्र माझ्याने आजतागायत सुटलेला नाही, आणि उजव्या हाताचा अंगठा संधिवाताने आखडून धरलेले मनगट निसटू लागल्यापासून तर दुसरे काही सुचतच नाही, कारण ज्याचा पकडीवर भरवसा असतो तो अंतराची फिकीर करीत नाही.

छातीसमोर छाती आणू नये, किंचित तिरके, दाराची वाट मोकळी ठेवून उभे राहावे, इतके नवशिक्यालाही ठाऊक असते. पण तिरके म्हणजे किती? चहाच्या रांगेत एखादा रोगी पेला ओठाशी नेता नेता थांबवतो, पायाची बोटे आखडून घेतो, नजर किटलीवरून काढून भिंतीला लावतो. त्या क्षणी हातभर जवळ असावे तर माझ्या नुसत्या असण्याचाच त्याला जाच होतो, आणि दोन पावले मागे सरावे तर शेजारचा रोगी उघडा पडतो. किंझेल नावाच्या अमेरिकी मनोवैद्याने १९७० साली कैद्यांमध्ये हे अंतर मोजले. हिंसक कैद्यांना इतरांच्या जवळजवळ चौपट मोकळी जागा लागे, आणि तीही समोरच्यापेक्षा पाठीमागे अधिक. आमचा दस्तुर मात्र पाठीमागूनच जाण्याचा!

त्यातून पुष्कळशा प्रक्षोभांच्या मुळाशी आमचाच एखादा नकार असतो: बिडी नाही, आज घरी सोडणे नाही. माझ्याच मुलखाचा एक जण रोज विचारी, "मामा, पुसेगावची यष्टी कवा हाय?" वेळ सांगावी तर तो दाराकडे निघे, न सांगावी तर हात उगारी. निजामी अमलात आमच्या मुलखाचे वेड्यांचे इस्पितळ जालन्यास होते. ते १९५३ साली हैदराबादेस एर्रागड्ड्याला हलले, आणि आमच्याकडच्या रोग्याला घरची गाडी लांबची झाली ती झालीच.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळदंड आणि एकांतकोठडी मना केली. बांधणे अगदीच अपरिहार्य झाले तर मनोविकारतज्ज्ञाचा हुकूम, कारणासह नोंद आणि रोग्याने नेमलेल्या प्रतिनिधीस चोवीस तासांत इत्तला, हे सारे रास्तच आहे. हॅलोपेरिडॉल-प्रोमेथाझीनची सुई आपले काम चोख करते, फक्त ती टोचेपर्यंत हात कोणीतरी धरावा लागतो. माझा राग आहे तो ठेक्यावरच्या रखवालदारांवर, जे रोग्याकडे न पाहता भिंतीवरच्या कॅमेऱ्यावर विसंबतात. कॅमेऱ्याला पायाची बोटे दिसत नाहीत.

मी वॉर्डात शिरलो की गलका थांबे, ह्याची मला घमेंड होती, आणि ती अंगठ्याबरोबर गेलेली नाही. हाताखाली आलेला पोरसवदा परिचर तर तापलेल्या रोग्याशेजारी, आधी त्याला विचारून, चक्क बाकावर बसतो. अंतराचा माझा सारा हिशेब तेथे मोडीत निघतो, आणि तरीही बहुतेक वेळा कोणी उसळत नाही. "मामा, तुम्हीही बसा की," असे तो म्हणतो. उठताना मनगटावर भार सोसवत नाही, अशी सबब मी सांगतो. वास्तविक रोग्यांनी मला कधी बसलेले पाहिलेले नाही, आणि निवृत्त होईपर्यंत पाहू नये, अशी माझी इच्छा आहे.