शौकाला किती कोर लागतात?

आळेफाट्यावर माझे संगणक दुरुस्तीचे लहानसे दुकान आहे. तिथे येणारे निम्मे गिऱ्हाईक अख्ख्या लोखंडी पेटीलाच 'सीपीयू' म्हणते. "भाई, सीपीयू आणलाय, बघा जरा," असे म्हणत मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये चादरीत गुंडाळलेली पेटी उतरते. खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, ही काडेपेटीएवढी चिप असते. ती पेटीच्या पोटात, पंख्याखाली दडलेली असते आणि बहुतेकांनी ती जन्मात पाहिलेली नसते. ग्रामपंचायतीचे दाखले, सोसायटीचे हिशेब, मुलांचे प्रोजेक्ट, लग्नपत्रिका ही सगळी कामे ती मुकाट्याने करते. पेटी उघडली की बहुतेक वेळा आत धूळ, पालीची अंडी आणि सुकून खडू झालेली पेस्ट सापडते. चिप मात्र ठणठणीत असते. इतक्या वर्षांत मी पॉवर सप्लाय बदलले, हार्ड डिस्क बदलल्या, मदरबोर्ड बदलले; झिजून मेलेला प्रोसेसर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच पाहिला.

अलीकडे मात्र दुसऱ्या तऱ्हेचे गिऱ्हाईक वाढले आहे. वय वीस-बावीस, हातात मोबाईल, त्यात आधीच तयार केलेली यादी. यादीत सर्वांत वर बाजारातली सर्वांत वरची चिप. माझा भाचा त्यांच्यापैकीच एक.

तो लग्नाच्या शूटिंगचे एडिटिंग करतो. नारायणगाव, ओतूर, मंचरपर्यंतचे फोटोग्राफर त्याला काम देतात. रात्री उरलेल्या वेळात गेम खेळतो. त्याने आणलेल्या यादीत इंटेलचा कोअर अल्ट्रा ९ २८५ के होता. चोवीस कोर, ५.७ गिगाहर्ट्झपर्यंत वेग आणि जोरात चालताना २५० वॅटपर्यंत वीज. निव्वळ चिपच अर्ध्या लाखाच्या पुढे. तिला साजेसा बोर्ड, थंड ठेवायला पाण्याचा कूलर, मोठा पॉवर सप्लाय, ग्राफिक कार्ड असे करत सगळी पेटी पावणेदोन लाखांवर जात होती. पैसे कुठून येणार, असे विचारले तर म्हणाला, "अम्मीची भिशी लागलीय, मामू. बाकीचे हप्त्याने."

आपाची भिशी मला ठाऊक होती. दुल्हाभाई टोमॅटोच्या हंगामात पिकअप चालवतात. हंगाम सरला की मिळेल ते भाडे. त्या भिशीत आपाने तीन वर्षे दर महिन्याला पैसे टाकले होते ते भाचीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी. मुलाने म्हटले, या पेटीने कमाई दुप्पट होईल, ताईची फी मीच भरीन. आईचे मन, ती तयार झाली. मला माल विकून चांगले मार्जिन सुटले असते, हेही इथे सांगून टाकतो. दुकानदाराच्या सल्ल्याकडे वाचकांनी तेवढ्या संशयाने पाहावेच.

मी त्याला म्हटले, "आधी आहे ती पेटी घेऊन ये. काम चालू असताना बघू."

त्याचा प्रोसेसर २०१७ सालातल्या पिढीचा, सहा कोरचा आय-फाइव्ह. आम्ही एका लग्नाचे काम उघडले आणि शेजारी टास्क मॅनेजर लावून ठेवला. कोण किती राबते आहे हे त्यात दिसते. भाचा ज्या प्रोसेसरला शिव्या देत होता तो तीस-चाळीस टक्क्यांवर निवांत बसला होता. जुनी हार्ड डिस्क मात्र शंभर टक्क्यांवर धापा टाकत होती आणि आठ जीबी रॅम काठोकाठ भरली होती. स्वयंपाकी सहा आणि कोठीतून धान्य काढून देणारा एकच, तोही म्हातारा, अशी गत. अशा ठिकाणी चोवीस स्वयंपाकी आणले तरी ते चुलीपाशी हात बांधून उभे राहणार.

स्वयंपाकाचा दाखला आला आहे तर तो पुढे नेतो, कारण चोवीस कोरचे गणित त्यानेच चांगले कळते. लग्नघरी बिर्याणीच्या देगा चढतात तेव्हा कांदा चिरायला दहा माणसे लावली तर काम दहा पटीने उरकते. तांदूळ निवडणे, गोश्त धुणे, हेही वाटून होते. पण दम? देगेचे तोंड कणकेने बंद केल्यावर बावर्ची एक असो की पन्नास, दमाला लागायचा तेवढा वेळ लागणारच. जीन अँमडाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ साली हेच गणितात मांडले: कामाचा जो भाग वाटता येत नाही, तो एकूण वेगाला लगाम घालतो. गेममध्ये असा 'दम' बराच असतो. म्हणून एएमडीचा आठ कोरचा रायझन ७ ९८०० एक्स ३ डी हा गेमच्या बाबतीत दुप्पट-तिप्पट कोरच्या, महागड्या चिपांनाही भारी पडतो. त्याच्याजवळ कोर कमी, पण चिपवरच जास्तीची मोठी कॅश मेमरी आहे. लागणारे सामान हाताशी असते. आणि भाच्याचा मॉनिटर तर सेकंदाला साठच चित्रे दाखवणारा. प्रोसेसरने दोनशे चित्रे तयार केली तरी डोळ्यांना साठच दिसणार.

आमच्या पिढीच्या डोक्यात अजून जुना हिशेब बसलेला आहे, तो मुलांनीही वारशाने घेतला आहे. १९९३ साली पेंटियम आला तो ६० आणि ६६ मेगाहर्ट्झचा. २००० साली एक हजार मेगाहर्ट्झ, म्हणजे एक गिगाहर्ट्झ झाला. सात वर्षांत सोळा पट. तेव्हा तीन वर्षांचा संगणक खरोखर म्हातारा होत असे; नवी चिप घेणे ही चैन नव्हती. २००४ साली पेंटियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्झवर पोहोचला आणि तिथे गाडी अडली. वेग वाढवावा तर चिप तापे, चारचा टप्पा गाठण्याचा बेत इंटेलला सोडून द्यावा लागला. आज वीस वर्षांनी आपण सहाच्या आसपास आहोत. एका ठोक्यात होणारे काम वाढले आणि कोर वाढले, हे खरे. पण दरवर्षी जुने सगळे फिके पडावे, असे दिवस केव्हाच सरले. पाच-सहा वर्षांची मधली चिप आजही गावातली जवळजवळ सगळी कामे करते. तिला निकामी ठरवले जाते ते बहुधा दुसऱ्याच कारणाने. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबला आणि विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर स्वीकारत नाही. माझ्या दुकानात अशा चालत्या-बोलत्या पेट्या भंगारात द्यायला येऊ लागल्या. त्यांत लिनक्स घालून काही मुलांच्या अभ्यासाला लावल्या. सगळ्यांना ते पटत नाही.

मग सर्वांत वरची चिप लागते तरी कोणाला? याचे उत्तर आमच्या भागात शोधायला लांब जावे लागत नाही. नारायणगावच्या पूर्वेला खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, लोकांच्या तोंडी जीएमआरटी. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे प्रदर्शन भरते, तेव्हा शाळांच्या पोरांनी परिसर फुलून जातो. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या; त्यांतल्या चौदा मध्यभागी आणि बाकीच्या इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात तीन दिशांना, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. आकाशातून आलेला प्रत्येक तबकडीचा संदेश प्रत्येक दुसऱ्या तबकडीच्या संदेशाशी ताडून पाहायचा असतो. तीस तबकड्यांच्या जोड्या होतात ४३५, आणि हे ताडणे क्षणाक्षणाला, कित्येक कोटी आकड्यांवर, न थांबता. भूक म्हणावी ती ही. सुरुवातीला यासाठी खास घडवलेली यंत्रे होती. २०१० च्या सुमारास ते काम बाजारात मिळणाऱ्या संगणकांच्या संचावर चालू लागले. पुढे दुर्बीण सुधारली, एका वेळी टिपायच्या लहरींचा पट्टा ३२ मेगाहर्ट्झवरून ४०० मेगाहर्ट्झपर्यंत गेला, तेव्हा त्या कामासाठी खास प्रकारच्या चिपा आणि ग्राफिक कार्डे जोडली गेली. म्हणजे इथेही प्रश्न 'सर्वांत महाग काय' असा नव्हता. काम कोणत्या जातीचे आहे आणि ते कोण करील, असा होता. या दुर्बिणीचे शिल्पकार गोविंद स्वरूप यांनी तबकड्याच मुळी भरीव पत्र्याच्या न करता ताणलेल्या दोरांवर बारीक तारेची जाळी पसरून केल्या. लांब लहरींना जाळीची भोके दिसतच नाहीत. वाराही आरपार जातो, वजन कमी, खर्चही कमी. पुण्यातच सी-डॅकने १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक केला, तोही एका अवाढव्य प्रोसेसरवर नव्हे, अनेक लहान प्रोसेसर एकत्र जुंपून.

भाच्याला हे सारे सांगितले. तो ऐकून घेणारा आहे, पण गप्प बसणारा नाही. म्हणाला, "मामू, घाटात पळणाऱ्या बैलाला कोणी विचारतं का, तुला नांगर ओढता येतो का म्हणून?"

मला हसू आले, कारण मुद्दा बिनतोड होता. आमच्या जुन्नर-आंबेगावात बैलगाडा शर्यतीचा शौक जातधर्म पाहत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर पुन्हा परवानगी दिली, मे २०२३ मध्ये कायदा कायम केला. बंदीच्या त्या सगळ्या वर्षांत कित्येक गाडामालकांनी बैल विकले नाहीत. दूध-अंडी चारली, पोरासारखे जपले. त्या बैलाची 'गरज' काय, असे विचारणारा माणूस घाटात येड्यात निघेल. शौक गरजेच्या तराजूत घालताच येत नाही. ज्याला चिप ताणून पळवण्यात, एकेक अंश तापमान उतरवण्यात मजा येते, त्याने ती जरूर घ्यावी. कोणाचे काही जात नाही. दारू-जुगारापेक्षा हे हजारपट बरे.

पण गाडामालक बैलावर घातलेला पैसा घरी 'धंद्याची गुंतवणूक' म्हणून सांगत नाही. भाच्याशी माझे भांडण तेवढेच होते. मी म्हटले, "शौक म्हणून घे, तुझ्या कमाईतून घे, मी स्वतः जोडून देतो, मजुरीही घेणार नाही. पण आपाला हे धंद्याचं म्हणून सांगितलंस, तर धंद्याचाच हिशेब मांडू."

हिशेब मांडला. एसएसडी बसवली, रॅम बत्तीस जीबी केली. खर्च त्या वरच्या चिपेच्या कितीतरी आत. फाइली उघडणे, कॉपी करणे, क्लिप शोधणे यांत रोजचा तास-दीड तास वाचू लागला. एक दुखणे मात्र उरले, आणि तिथे भाच्याचे म्हणणे खरे होते. फोटोग्राफरचे नवे कॅमेरे एच २६५ मध्ये दहा-बिट ४:२:२ असे दाट चित्रण करतात. ते चित्रण जुन्या चिपेवर अडखळत चालते. प्रॉक्सी, म्हणजे हलक्या प्रती, करून काम भागते, पण त्या करायलाही वेळ जातो. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या डेस्कटॉप चिपांत असे चित्रण उलगडणारा वेगळा भाग ग्राफिकमध्येच असतो. तेव्हा नवी पिढी हवी, हे कबूल. पण तो भाग चोवीस कोरच्या चिपेत असतो, तसा दहा कोरच्या आय-फाइव्हमध्येही असतो. 'नवे' आणि 'सर्वांत वरचे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत जाहिराती मुद्दाम करतात. इथे एक सूचना: नावाच्या शेवटी 'एफ' अक्षर असलेली इंटेलची चिप थोडी स्वस्त पडते, पण तिच्यात ग्राफिक नसते. एडिटिंग करणाऱ्याने तेवढ्यासाठी ती घेऊ नये.

विजेचीही गोष्ट काढली. आमच्याकडे दिवसातून दोनदा तरी लाइट डोळे मिचकावते. दुकानोदुकानी जो ६०० व्हीएचा यूपीएस असतो, तो साडेतीनशे वॅटच्या आसपास दमतो. २५० वॅटची चिप आणि तिच्या जोडीला ग्राफिक कार्ड भर कामात असताना लाइट गेली, तर यूपीएस ओरडून तिथेच बसणार आणि चार तासांचे रेंडर पाण्यात. मोठा यूपीएस घ्या, म्हणजे आणखी पैसे. लॅमिंग्टन रोडवरच्या कोटेशनमध्ये ही ओळ कधीच नसते.

शेवटी ६५ वॅट मूळ वापराचा आय-फाइव्ह १४४०० आणि त्याला बोर्ड घेतला. ग्राफिक कार्ड, रॅम, एसएसडी, जुनी पेटी, सगळे होते तेच ठेवले. भाच्याने आठवडाभर माझ्याशी नीट बोलणे टाकले होते. लग्नसराई सुरू झाल्यावर त्याला फुरसत उरली नाही. भाचीचा प्रवेश ऑगस्टमध्ये झाला. पावती आपानेच दुकानात आणून दाखवली आणि तिची झेरॉक्स काढून घेतली.

भाचा अजून अधूनमधून नवी यादी पाठवतो. परवाच्या यादीत सोळा कोरचा रायझन होता, खाली लिहिले होते, "माझ्या पैशानं, पुढच्या मे महिन्यानंतर." मी कूलरचा भाव काढून ठेवला आहे.